स्त्रियांमधला स्किझोफ्रेनिया आणि हार्मोनची जोड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्किझोफ्रेनिया असलेल्या स्त्रिया आणि त्यांच्या घरची माणसं हार्मोनविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. औषधांच्या मात्रा दिल्या आहेत त्या डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून, घरच्या घरी सुरू करण्यासाठी नव्हे. उत्तरं सुटी सुटी वाचली तरी चालतील. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा तर मेंदूचा आजार. त्यात पाळीच्या हार्मोन्सचं काय काम?

इस्ट्रोजेन फक्त गर्भाशय आणि स्तनांपुरतं नसतं. मेंदूत डोपामाइन, सेरोटोनिन आणि ग्लुटामेट या निरोप वाहणाऱ्या रसायनांच्या कामावर त्याचा परिणाम होतो, आणि स्किझोफ्रेनियात बिघाड होतो तो याच ठिकाणी. आजाराच्या वेळापत्रकातही त्याच्या खुणा दिसतात. पुरुषांमध्ये आजार बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो, स्त्रियांमध्ये सरासरी तीन ते पाच वर्षं उशिरा. शिवाय पंचेचाळिशीनंतर स्त्रियांमध्ये नव्यानं आजार सुरू होण्याची दुसरी, लहान लाट येते. पुरुषांमध्ये ती तशी दिसत नाही. जर्मनीतल्या मॅनहाइम इथल्या हाइन्झ हेफ्नर यांच्या गटानं हा फरक बारकाईनं नोंदवला आणि 'इस्ट्रोजेन मेंदूला थोडंफार राखतं' हा विचार पुढे आला. पाळीच्या आधीचे दिवस, बाळंतपणानंतरचे आठवडे आणि पाळी जाण्याचा काळ या तिन्ही वेळी इस्ट्रोजेन खाली येतं आणि नेमका त्याच वेळी काही जणींचा आजार उसळतो. 'काही जणींचा' हे शब्द महत्त्वाचे. प्रत्येकीचा आजार हार्मोनच्या तालावर चालत नाही.

२. हार्मोन सुरू केलं की रोजच्या गोळ्या बंद करता येतील का?

नाही. आजवरच्या भरवशाच्या चाचण्यांमध्ये हार्मोन दिलं गेलं ते चालू औषधांच्या जोडीला. नुसत्या हार्मोनवर स्किझोफ्रेनिया आवरतो असा पुरावा नाही. हार्मोननं बरं वाटू लागलं म्हणून परस्पर मूळ गोळ्या थांबवल्या की काही आठवडे सगळं ठीक दिसतं आणि मग आजार उलटतो. उशिरा उलटल्यामुळे खरं कारण लक्षातही येत नाही.

३. 'हार्मोनची जोड' म्हणजे नेमकी कोणती औषधं?

मुख्यतः दोन. पहिलं इस्ट्राडायोल, म्हणजे अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेनच; ते बहुतेक वेळा त्वचेवर लावायच्या पॅचमधून देतात. दुसरं रॅलॉक्सिफीन. ही मूळची हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून द्यायची गोळी. ती काही अवयवांत इस्ट्रोजेनसारखी वागते, तर स्तन आणि गर्भाशयात इस्ट्रोजेनला अडवते. स्किझोफ्रेनियासाठी दोन्हींना अधिकृत मान्यता नाही. डॉक्टर त्यांचा वापर करतात तो मान्य उपयोगाबाहेरचा, म्हणून त्याविषयी तुमच्याशी स्पष्ट बोलणं आणि तुमची संमती नोंदवणं हे त्यांच्याकडून अपेक्षित आहे.

तिसरा मार्ग बऱ्याचदा यादीतच नसतो, पण आमच्या मते तोच आधी तपासायला हवा : वाढलेलं प्रोलॅक्टिन (छातीत दूध तयार करवणारं हार्मोन) खाली आणून शरीराचं स्वतःचं इस्ट्रोजेन परत मिळवणं (प्रश्न ५).

४. माझ्या बहिणीला पाळीच्या आधी चार दिवस आवाज जास्त ऐकू येतात. हा योगायोग असेल का?

असेलही, नसेलही; आठवणीवरून ते ठरवता येत नाही. वाईट दिवस पाळीजवळ आले तर लक्षात राहतात, मध्येच आले तर विसरले जातात. म्हणून दोन, शक्यतो तीन पाळ्यांची नोंद ठेवा. साधी वही पुरते. रोज रात्री एकच ओळ लिहायची : पाळी सुरू झाल्यापासूनचा दिवस, आवाजांचा त्रास ० ते १० मध्ये, संशय ० ते १० मध्ये, झोप किती तास, गोळी घेतली की राहिली. उदाहरणार्थ : 'दिवस २६. आवाज ७. संशय ५. झोप साडेतीन तास. रात्रीची गोळी राहिली.' ही ओळ एवढ्यासाठी दिली की यातलं शेवटचं वाक्य सगळा अर्थ बदलून टाकतं. पाळीआधी पोट दुखतं, चिडचिड होते, त्यात गोळी चुकते आणि दोष हार्मोनवर जातो.

अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर असं दिसलं की पाळीच्या आसपासच्या दिवसांत स्त्रियांना मनोविकारासाठी रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं प्रमाण इतर दिवसांच्या सुमारे दीडपट असतं. तेव्हा संबंध खरा आहे, पण तुमच्या बहिणीच्या बाबतीत तो आहे का, हे वहीच सांगेल. नक्षी दर महिन्याला तीच दिसली तर डॉक्टर त्या दिवसांपुरती मूळ औषधाची मात्रा थोडी वाढवण्याचा किंवा पाळीचं चक्रच स्थिर ठेवण्याचा विचार करू शकतात. पॅच लगेच लागेलच असं नाही.

५. सहा महिने पाळीच नाही, छातीतून दुधासारखं पाणी येतं. हार्मोन द्यावं लागेल का?

आधी दोन तपासण्या : गर्भधारणेची आणि रक्तातल्या प्रोलॅक्टिनची. पहिली टाळू नका, 'शक्यच नाही' असं वाटत असलं तरी.

कारण बहुधा औषधात सापडतं. मेंदूच्या तळाशी पियुषिका ग्रंथी असते. तिथे डोपामाइन प्रोलॅक्टिनला दाबून ठेवतं. स्किझोफ्रेनियाची बरीच औषधं डोपामाइन अडवतात, म्हणून तो दाब सुटतो आणि प्रोलॅक्टिन चढतं. चढलेलं प्रोलॅक्टिन अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतं, अंडाशय सुस्तावतं, इस्ट्रोजेन घसरतं. म्हणजे पंचविशीतल्या मुलीच्या शरीरात रजोनिवृत्तीसारखी स्थिती तयार होते : पाळी बंद, योनीमार्गात कोरडेपणा, आणि बाहेरून न दिसणारी हाडांची झीज.

रिस्पेरिडोन, पॅलिपेरिडोन, ॲमिसल्प्राइड आणि हॅलोपेरिडॉल प्रोलॅक्टिन जास्त वाढवतात. ओलान्झापिन कमी, तर क्वेटियापिन आणि क्लोझापिन फारच कमी. ॲरिपिप्राझोल उलट ते खाली आणतं. पोटाच्या औषधांकडेही बघा. लिव्होसल्पिराइड, डॉम्पेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड ही ॲसिडिटी आणि मळमळीसाठी दिली जाणारी औषधंही प्रोलॅक्टिन चढवतात, आणि ती दोन औषधांच्या एकत्र गोळीत लपलेली असल्यानं मानसोपचारतज्ज्ञांना कुणी सांगतच नाही. डबीवरची बारीक अक्षरं वाचा किंवा सगळी पाकिटं पिशवीत घालून घेऊन जा.

रक्त देताना झोपेतून उठल्यावर निदान एक तास जाऊ द्या. सुई टोचण्याची धास्ती, धावपळ, नुकतंच स्तनपान यांनीही आकडा वाढतो. थोडा वाढलेला आकडा आला तर तपासणी पुन्हा करावी. गर्भवती नसलेल्या स्त्रीत साधारण २५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत सामान्य धरतात, प्रयोगशाळेगणिक थोडा फरक असतो. आकडा १५०–२०० च्या पुढे गेला, किंवा डोकेदुखीबरोबर बाजूचं दिसेनासं झालं, तर ग्रंथीवर गाठ नाही ना हे पाहायला एमआरआय लागतो. (रिस्पेरिडोननंही आकडा तिथवर जाऊ शकतो, म्हणून नुसत्या आकड्यानं घाबरू नका.)

मग उपाय तीन : औषधाची मात्रा कमी करणं, औषध बदलणं, किंवा चालू औषधाला ॲरिपिप्राझोलची छोटी मात्रा जोडणं, बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमपासून. जोड दिल्यास काही आठवड्यांत प्रोलॅक्टिन बरंच उतरतं. चालू औषध ॲमिसल्प्राइड असेल तर हा उपाय तितका लागू पडत नाही. ॲरिपिप्राझोलनं काहींना एका जागी बसवत नाही, झोप उडते. क्वचित आजारही चाळवतो, त्यामुळे पहिला महिना लक्ष ठेवावं लागतं. इंजेक्शनच्या रूपात दिलेलं पॅलिपेरिडोन थांबवलं तरी ते अंगातून जायला महिने लागतात, तेवढा धीर धरावा लागतो.

पाळी वर्षभर बंद असेल तर हाडांची घनता मोजून घ्यावी. पाळी परत आली की आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो १३ मध्ये आहे.

६. प्रोलॅक्टिनसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांनी कॅबरगोलिन लिहून दिलंय. घेऊ का?

आधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारा. कॅबरगोलिन आणि ब्रोमोक्रिप्टिन डोपामाइनचं काम वाढवतात. तुमची रोजची गोळी तेच काम अडवते. एक पाय ब्रेकवर, दुसरा ॲक्सिलरेटरवर. त्यानं भास आणि संशय परतू शकतात. गाठ असेल तर कधी ही औषधं लागतात, पण तेव्हा दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं.

७. इस्ट्राडायोल पॅचचा पुरावा किती पक्का आहे?

बरा आहे, पण अजून नेहमीच्या उपचारात बसवण्याइतका भक्कम नाही. सर्वांत जास्त काम मेलबर्नमध्ये जयश्री कुलकर्णी यांच्या गटानं केलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १०२ स्त्रियांना २८ दिवस १०० मायक्रोग्रॅमचा पॅच किंवा खोटा (औषध नसलेला) पॅच दिला. पॅच घेणाऱ्यांची लक्षणं जास्त उतरली. २०१५ च्या चाचणीत औषधांना पुरेशी दाद न देणाऱ्या १८३ स्त्रिया होत्या. आठ आठवड्यांत १०० आणि २०० मायक्रोग्रॅम अशा दोन मात्रा खोट्या पॅचशी ताडून पाहिल्या. २०० चा परिणाम जास्त दिसला, विशेषतः भास आणि भ्रम यांवर. २०१९ मध्ये मोल्डोवातल्या २०० स्त्रियांवरही २०० मायक्रोग्रॅमचा उपयोग दिसला, पण तो मुख्यतः ३८ वर्षांपुढच्या स्त्रियांमध्ये.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. २०० मायक्रोग्रॅम ही मात्रा पाळी गेलेल्या स्त्रियांना सहसा देतात त्यापेक्षा बरीच जास्त आहे. आणि या चाचण्या चार ते आठ आठवड्यांच्या आहेत. वर्षानुवर्षं पॅच लावल्यास आजारावर काय होईल याचं उत्तर त्यांतून मिळत नाही.

८. पॅच लावायचा कुठे आणि कसा? आमचा सारखा सुटतो.

बेंबीखाली पोटावर किंवा कुल्ल्यावर वरच्या बाजूला. स्तनांवर कधीच नाही. कमरेच्या नाडीखाली किंवा पट्ट्याखाली आला तर घासून सुटतो.

सुटण्याचं कारण बहुतेक वेळा तेल किंवा लोशन. आंघोळीनंतर लगेच, अंग ओलसर असताना लावला तरी तेच होतं. कातडी साबणानं धुऊन पूर्ण कोरडी होऊ द्या, पाठीमागचा कागद अर्धा काढा, चिकट भागाला बोट न लावता तो बसवा, उरलेला कागद ओढून काढा आणि तळहातानं दहा सेकंद दाबून धरा. कडा बोटानं फिरवून घ्या. सुटायला सुरुवात तिथूनच होते. बदलण्याचं अंतर पाकिटावर असतं : काही पॅच आठवड्यातून दोनदा, काही एकदाच. दोनदाचे असतील तर वार ठरवून टाका, उदाहरणार्थ सोमवार आणि गुरुवार. तीच जागा आठवडाभर पुन्हा वापरू नका. शेकण्याची पिशवी पॅचवर ठेवू नका, उष्णतेनं औषध भराभर शोषलं जातं. पूर्ण सुटला तर नवा लावा आणि मूळ वारच चालू ठेवा. वापरलेल्या पॅचमध्ये औषध उरतं. चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.

९. पॅचबरोबर प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल कशाला? अजून एक गोळी नको वाटते.

गर्भाशय असेल तर ती टाळता येत नाही. एकटं इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर जाड करत राहतं, आणि महिनोन्‌महिने तसंच चाललं तर त्यातून कर्करोगही होऊ शकतो. प्रोजेस्टेरॉन त्याला लगाम घालतं. नेहमीची पद्धत म्हणजे नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन रोज रात्री १०० मिलिग्रॅम, किंवा महिन्यातले १२ ते १४ दिवस रात्री २०० मिलिग्रॅम. इस्ट्रोजेनची मात्रा जास्त असेल तर प्रोजेस्टेरॉनही त्या मानानं लागतं. त्यानं गुंगी येते म्हणून झोपतानाच घ्यायचं; आधीच रात्रीच्या गोळ्यांनी सकाळी डोळे उघडत नसतील तर हे डॉक्टरांना सांगा. लेव्होनॉर्जेस्ट्रेल (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) सोडणारी ५२ मिलिग्रॅमची तांबी हाही पर्याय आहे. रोजची कॅप्सूल वाचते आणि गर्भही राहत नाही.

गर्भाशय काढलं असेल तर प्रोजेस्टेरॉनची गरज सहसा नसते.

१०. रॅलॉक्सिफीनबद्दल कुणी चांगलं सांगतं, कुणी वाईट. खरं काय?

दोघंही खरं बोलतात. बार्सिलोनातल्या दोन चाचण्यांत पाळी गेलेल्या स्त्रियांना ६० मिलिग्रॅम दिल्यावर उदासीनता, अबोलपणा, कशातच रस न वाटणं ही लक्षणं कमी झाली. पहिली ३३ जणींवर, दुसरी ७० जणींवर. मेलबर्नमध्ये २०१६ साली ५६ जणींवर १२० मिलिग्रॅमचाही उपयोग दिसला. पण २०१७ मध्ये तीव्र आजार उसळलेल्या २०० स्त्रियांना तीच १२० ची मात्रा १६ आठवडे दिली, तेव्हा खोट्या गोळीवरच्या स्त्रिया जास्त सुधारल्या. आमचा अर्थ असा : आजार भर उसळीत असताना रॅलॉक्सिफीनची वेळ नाही. पाळी गेलेली, आजार बऱ्यापैकी स्थिर, पण उदासीनता हटत नाही आणि हाडंही कमकुवत, अशा स्त्रीसाठी त्याचा विचार जास्त सयुक्तिक ठरतो, कारण आजारावर उपयोग झाला नाही तरी मणक्यांना फायदा होतोच.

गोळी दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर कधीही. प्रोजेस्टेरॉन लागत नाही. अंगातून वाफा येणं आणि पोटऱ्यांत गोळे येणं हे नेहमीचे त्रास. वाफांसाठी उपाय म्हणून ही गोळी घेऊ नका, उलट त्या वाढतात. पॅच आणि रॅलॉक्सिफीन एकत्र घ्यायचं नाही. पाळी चालू असलेल्या, मूल होऊ शकणाऱ्या स्त्रीला ते देत नाहीत, कारण गर्भाला धोका असतो.

११. सुरू करण्यापूर्वी कोणत्या तपासण्या, आणि कुणाला हे चालत नाही?

रक्तदाब, वजन, साखर, चरबी, यकृताच्या चाचण्या, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, गर्भधारणा चाचणी, स्तनांची तपासणी आणि वयानुसार मॅमोग्राफी, गर्भाशयाची सोनोग्राफी. थायरॉइड यादीत उगीच नाही : ते मंदावलं की सुस्ती, उदासी, पाळीची गडबड आणि थोडं वाढलेलं प्रोलॅक्टिन एकदम दिसतं, आणि मग सगळं खापर स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांवर फुटतं.

स्तनाचा कर्करोग झालेला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेली, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आलेला, यकृताचा आजार चालू असलेला, कारण न कळलेला रक्तस्राव असलेला, किंवा गर्भवती असलेली, अशा स्त्रीला इस्ट्रोजेन देत नाहीत. रॅलॉक्सिफीनलाही गुठळी आणि पक्षाघाताची अट लागू आहे.

१२. कर्करोगाची भीती वाटते. ती कितपत खरी?

भीती मुख्यतः अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासामुळे पसरली. २००२ मध्ये त्याचा एक भाग वेळेआधी थांबवला. त्यात १६,६०८ स्त्रिया होत्या. तोंडावाटे इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (कृत्रिम प्रोजेस्टेरॉन) एकत्र घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या ८, पक्षाघाताच्या ८ आणि फुप्फुसातल्या गुठळीच्या ८ जादा घटना आढळल्या. त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध गोळीतून होतं. पॅचमधलं औषध यकृतावरून पहिली फेरी न मारता थेट रक्तात जातं, म्हणून नेहमीच्या मात्रेत गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो. चाळिशीतल्या स्त्रीनं आठ आठवडे लावलेला पॅच आणि साठीनंतर पाच वर्षं घेतलेल्या गोळ्या यांना एकाच मापानं मोजू नये. मात्र २०० मायक्रोग्रॅमला 'नेहमीची मात्रा' म्हणता येत नाही, हेही खरं.

स्किझोफ्रेनियात गुठळीचा धोका मुळातच वाढलेला असतो : वजन, धूम्रपान, दिवसचे दिवस बसून राहणं, आणि काही औषधंही, त्यांत क्लोझापिन. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं, एका बाजूची ताकद जाणं, यातलं काहीही झालं तर थेट तातडीच्या विभागात जा. 'तिला नेहमीच कुठे ना कुठे दुखतं' असं म्हणून घरी थांबू नका. मनोविकार असलेल्या माणसाच्या शारीरिक तक्रारी अशाच अंगाबाहेर टाकल्या जातात.

१३. पाळी येत नाही, म्हणजे दिवस राहणार नाहीत ना?

राहू शकतात. पाळीआधी बीज सुटतं, त्यामुळे पहिली पाळी दिसण्याआधीच गर्भ राहू शकतो. रिस्पेरिडोनवरून ॲरिपिप्राझोलवर बदल झाला की काही आठवड्यांत अंडाशय जागं होतं. औषध बदलण्याच्या दिवशीच गर्भनिरोधनाचं ठरवा, पाळीची वाट बघू नका. आणि इस्ट्राडायोल पॅच किंवा रॅलॉक्सिफीन ही गर्भनिरोधक नव्हेत. गर्भनिरोधक पॅच वेगळा, हा वेगळा.

१४. मग गर्भनिरोधक गोळीच घेतली तर? तिच्यातही इस्ट्रोजेन असतंच.

असतं, पण ते बहुधा इथिनाइल इस्ट्राडायोल. तोंडावाटे, वेगळ्या ताकदीचं, वेगळ्या धोक्यांचं. पॅचच्या चाचण्यांचे निकाल त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. शिवाय इतर औषधांशी तिचं चांगलंच वाकडं आहे :

क्लोझापिन शरीरातून बाहेर टाकणारं यकृतातलं विकर (एन्झाइम) गोळीमुळे मंदावतं, म्हणून गोळी सुरू केली की क्लोझापिन रक्तात चढतं : झापड, लाळ, उभं राहताना चक्कर, क्वचित फिट. गोळी बंद केली की ते घसरतं आणि आजार डोकं वर काढतो. दोन्ही वेळा क्लोझापिनची पातळी तपासावी, शेवटच्या मात्रेनंतर १२ तासांनी रक्त घेऊन. ओलान्झापिनचंही थोड्या प्रमाणात तसंच. कार्बामाझेपिन उलट गर्भनिरोधक गोळीलाच निकामी करतं. वजनासाठी दिलेलं टोपिरामेट जास्त मात्रेत तेच करतं. लॅमोट्रिजिनची पातळी गोळीमुळे जवळपास निम्मी होऊ शकते.

मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचं तीन महिन्यांचं इंजेक्शन गोळी विसरणाऱ्यांना सोयीचं वाटतं, पण त्यानं वजन वाढू शकतं आणि हाडांची घनता घटते; प्रोलॅक्टिन आधीच चढलेलं असेल तर हाडांवर दुहेरी मार. अशा वेळी तांबी बरी.

१५. आई ४९ वर्षांची. वीस वर्षं ठीक होती, त्याच गोळ्या, तरी आता पुन्हा संशय घेते.

पाळी जाण्याच्या काळात हे होतं, आणि त्यामागे दोन कारणं एकत्र असू शकतात : मेंदूवरचं इस्ट्रोजेनचं छत्र हटतं, आणि इस्ट्रोजेन कमी झाल्यानं क्लोझापिन, ओलान्झापिनसारखी औषधं शरीर जलद बाहेर टाकतं, म्हणजे तीच मात्रा आता कमी पडते. तेव्हा गोळ्या खरोखर पोटात जातात का, हे पाहून मग मात्रेचा फेरविचार करावा. रात्री घामानं चिंब होऊन तीन वेळा जाग येत असेल तर नुसती झोप सुधारूनही संशय ओसरू शकतो. वाफांचा त्रास असेल आणि प्रश्न ११ मधली अडचण नसेल तर रजोनिवृत्तीचे नेहमीचे हार्मोन उपचार तिला कुठल्याही स्त्रीसारखेच द्यायला हवेत; स्किझोफ्रेनिया आहे म्हणून ते नाकारण्याचं कारण नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडच्या नोंदींवरच्या अभ्यासात, रजोनिवृत्तीचे हार्मोन घेण्याच्या काळात आजार उलटून दाखल व्हावं लागण्याचा धोका सुमारे १६ टक्के कमी आढळला. नोंदींवरचा अभ्यास आहे, तेव्हा कारण सिद्ध झालं असं म्हणता येत नाही; पण ४९ हे वय विचार करण्याचं आहे, साठीनंतर नव्यानं सुरू करण्याचं नाही.

अंडाशय शस्त्रक्रियेनं काढली असतील तर हीच घसरण एका दिवसात होते. पंचेचाळिशीच्या आत तसं झालं तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देणं हाच सामान्य सल्ला असतो, आणि शस्त्रक्रियेची तारीख मानसोपचारतज्ज्ञांना आधीच कळलेली हवी.

१६. बाळंतपणानंतर आजार उलटू नये म्हणून पॅच लावता येईल का?

कल्पना सुचण्यासारखी आहे, कारण वार पडली की इस्ट्रोजेन काही दिवसांत कोसळतं. पण आधी प्रसूतीनंतर मनोविकार झालेल्या २९ स्त्रियांना प्रसूतीनंतर लगेच पॅच दिला, तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण कमी झालं नाही. शिवाय पहिले सहा आठवडे गुठळीचा धोका सर्वांत जास्त असतो. या काळात कामाला येतात ती चालू ठेवलेली गोळी, रात्रीची सलग झोप (बाळाला रात्री दुसऱ्या कुणी पाहणं) आणि पहिल्या पंधरवड्यात ठरलेली भेट.

१७. डीएचईए, ऑक्सिटोसिनचा स्प्रे, सोयाबीन?

डीएचईए आणि ऑक्सिटोसिन या हार्मोन्सच्या छोट्या चाचण्या झाल्या. निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. सोयाबीन खायला काही हरकत नाही, उपचार म्हणून उपयोग नाही.

१८. उपयोग होतोय हे किती दिवसांनी आणि कसं कळेल?

इस्ट्राडायोलला आठ आठवडे, रॅलॉक्सिफीनला बारा. सुरू करण्याआधी लक्षणं मोजून घ्या, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? डॉक्टरांकडे तीस मुद्द्यांची मोजपट्टी असते, एकूण गुण ३० ते २१०. घरी प्रश्न ४ मधली वही चालते. या मुदतीत दुसरं काही बदलू नका. जोडीला नवी झोपेची गोळी सुरू झाली तर गुण कुणाचा ते ठरवता येत नाही. मुदत संपली आणि फरक नसेल तर जोड थांबवावी. 'राहू दे, त्रास तर नाही' म्हणून वर्षानुवर्षं चालू राहिलेला पॅच हा आमच्या दृष्टीनं सर्वांत वाईट निकाल, कारण धोका साचत जातो आणि फायदा शून्य.

१९. ऑपरेशन आहे, किंवा पायाला प्लास्टर घातलंय. थांबवायचं का?

रॅलॉक्सिफीन दीर्घकाळ झोपून राहावं लागणार असेल तर किमान ७२ तास आधी थांबवतात आणि नीट चालायला लागल्यावर पुन्हा सुरू करतात. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी मोठ्या शस्त्रक्रियेआधी साधारण चार आठवडे थांबवतात. त्या काळात दुसरं गर्भनिरोधन हवं, आणि क्लोझापिन चालू असेल तर प्रश्न १४ आठवा. पॅचचं सर्जन आणि भूलतज्ज्ञ ठरवतील. मानसोपचाराची गोळी या यादीत घालू नका. 'ऑपरेशनआधी सगळ्या गोळ्या बंद' असं समजून ती बंद केली जाते आणि शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात आजार उसळतो.

२०. तिला वाटतं पॅचमध्ये पाळत ठेवण्याचं यंत्र आहे. रोज उपटून टाकते. झोपेत लावला तर चालेल का?

चालणार नाही. झोपेत लावलेला पॅच सकाळी पोटावर सापडला की तिच्या संशयाला तुम्हीच पुरावा दिलात. त्यापुढे ती तुमच्या हातचं जेवणही घेणार नाही.

पॅच ज्या दिवशी लावायचा त्या दिवशी एक जादा पॅच तिच्यासमोर कात्रीनं कापा. आत तार नाही, चकती नाही, नुसता पातळ चिकट थर आहे, हे तिला स्वतःच्या बोटांनी चाचपू द्या. भ्रम पक्का असेल तर एवढ्यानं जाणार नाही, पण भीती नुकतीच धरली असेल तर कधी कधी पुरतं. पारदर्शक आणि लहान आकाराचा पॅच निवडा, जागा तिला ठरवू द्या, लावूही तिलाच द्या. तरी नको म्हणाली तर इस्ट्राडायोलची जेल आहे : मोजून घेतलेली मात्रा दंडावर किंवा मांडीवर पसरायची, वाळू द्यायची, हात साबणानं धुवायचे, आणि त्या जागेला लहान मुलांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. जेललाही नकार असेल तर जोड तूर्त बाजूला ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच सांगा : किती तारखेपासून, किती पॅच उपटले, आणि उपटताना ती नेमकं काय म्हणाली.